'अलबेला' (१९५१): वीतभर पावलांचा नाच

तिसरी घंटा

गेल्या रविवारी दिवसभर पाऊस लागून राहिला होता, म्हणून भगवानदादांचा 'अलबेला' पुन्हा लावून बसलो. माझी ही चौथी की पाचवी खेप असावी. या चित्रपटाविषयी लिहिताना एक अडचण अशी येते की त्याची थोरवी सांगता येत नाही, कारण तशी थोरवी त्याच्या अंगी नाहीच. त्याच वर्षी 'आवारा' आला आणि 'बाजी'ही आला, आणि त्या दोन्ही चित्रपटांवर अभ्यासकांनी भरभरून लिहिले. 'अलबेला'चा विषय निघाला की मात्र लोक गाण्यांची नावे घेतात, हसतात आणि पुढे जातात. त्या हसण्यात नेमके काय दडलेले असते, ते तपासून पाहावे म्हणून हा धागा काढत आहे.

कथा चार ओळींत सांगता येईल इतकीच आहे. प्यारेलाल हा गरीब घरातला मुलगा नोकरीत रमत नाही, त्याला नट व्हायचे असते. बहिणीच्या लग्नासाठी घरात पैसे उभे करायची वेळ येते, तेव्हा याच्या वाट्याची रक्कम तो आणू शकत नाही. बापलेकांत जुंपते आणि मोठा कलावंत झाल्याशिवाय परत येणार नाही असे सांगून तो घराबाहेर पडतो. पुढे नाटक कंपनी, नायिका आशा, यश, पैसा. घरी पाठवलेले पैसे घरच्यांच्या हाती पोहोचतच नाहीत, आणि शेवटी परतलेल्या मुलाला उद्ध्वस्त घर दिसते. यातले काहीही त्या काळच्या प्रेक्षकाला नवे नव्हते.

नवा होता तो नायक. भगवान आभाजी पालव हा माणूस ठेंगणा, अंगाने भरलेला, चेहऱ्याने चारचौघांसारखा, आणि तोपर्यंतची त्याची सगळी ओळख कमी खर्चात काढलेल्या स्टंटपटांची. असा माणूस स्वतःच निर्माता, स्वतःच दिग्दर्शक आणि स्वतःच प्रेमकथेचा नायक होतो, आणि समोर नायिका म्हणून गीता बालीला उभी करतो, यात धाडस आहे. पडद्यावर मात्र त्या धाडसाचा कुठेही आव दिसत नाही, आणि मला या चित्रपटाचे पहिले सुख तिथेच सापडते.

आता त्यांच्या नाचाकडे जरा जवळून पाहू. 'भोली सूरत दिल के खोटे' सुरू होते तेव्हा हा गृहस्थ फारसे काही करत नाही. गुडघे किंचित वाकलेले, कोपरे दुमडून हात छातीच्या उंचीवर, आणि अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर. पाऊल पुढे पडते ते जेमतेम वीतभर. खांदे मात्र ठेक्यावर असे हलतात, की सगळी ताल-लय कमरेच्या वरच साठवून ठेवली आहे असे वाटावे. उडी नाही, गिरकी जवळजवळ नाही, दम लागेल असे काहीच नाही. शास्त्रीय नृत्य शिकलेल्या माणसाला यात दाखवण्यासारखे काही आढळणार नाही, पण पाहणाऱ्या प्रत्येकाला असे वाटते की हे मला जमेल, आणि पुष्कळांना ते जमतेही. पुढे मोठमोठ्या नायकांनी याच चालीवर आपापली नृत्ये बेतली, हे सर्वश्रुत आहे. मूळ पाहताना जाणवते ती त्यांची काटकसर.

गीता बालीविषयी वेगळे लिहायला हवे. त्या वेळी ती नावारूपाला आलेली अभिनेत्री होती, आणि स्टंटपटांच्या नटाबरोबर काम करताना एखादीने उपकार केल्याचा भाव आणला असता. तिच्या डोळ्यांत तो क्षणभरही दिसत नाही. ती त्याच्या शेजारी त्याच्याच मापाची पावले टाकते, आणि मध्येच त्याच्याकडे अशी पाहते, की हे सगळे तिला खरोखरच गमतीचे वाटत असावे. दोघांची जोडी रूपात विजोड आणि लयीत अगदी जुळलेली आहे.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः उत्तरार्धाविषयी मते वाचायला आवडतील, कारण तिथे माझे स्वतःचे मन डळमळते.

गिरणगाव

धागा आवडला. भगवानदादांनी उमेदीच्या काळात गिरणीत काम केले होते, हे परळ-लालबागमध्ये वाढलेल्या आम्हा मुलांना वडीलधाऱ्यांकडून फार लवकर कळत असे, आणि ते अशा स्वरात सांगितले जाई की जणू दादा आमच्याच खात्यातले होते.

मी 'अलबेला' पहिल्यांदा पाहिला तो थिएटरात नव्हे, तर गणेशोत्सवात आमच्या गल्लीत. दोन खांबांना पांढरे कापड ताणून बांधलेले, मध्यभागी प्रोजेक्टर, आणि रीळ बदलताना सगळ्या गल्लीत अंधार नि आरडाओरडा. पुढची जागा मोठ्यांनी आणि नात्यागोत्याच्या मंडळींनी अडवलेली असल्यामुळे आम्ही मुले पडद्याच्या मागच्या बाजूला जाऊन बसत असू. कापडातून चित्र आरपार दिसे, फक्त डाव्याचे उजवे होऊन. त्यामुळे श्रेयनामावली आम्हाला कधी वाचता आली नाही आणि हाणामारीत कोण कुठून आला याचा गोंधळ होई. दादांचा नाच मात्र दोन्ही बाजूंनी सारखाच दिसायचा. आपण ज्याला काटकसर म्हणता, त्याचा याहून चांगला पुरावा मला देता येणार नाही.

विसर्जनाच्या मिरवणुकीत बेंजो पार्टीने 'भोली सूरत' किंवा 'शोला जो भड़के' वाजवायला घेतले की ज्यांनी आयुष्यात कधी पाय हलवला नसेल असे गृहस्थही तेच करतात: कोपरे दुमडायची, खांदे हलवायचे, वीतभर पुढे सरकायचे. गर्दीत याहून मोठे पाऊल टाकायला जागाच नसते, ही त्यातली व्यावहारिक बाजूही लक्षात घ्यावी.

चिकित्सक

लेख सुरेख असला तरी काही गोष्टी मोकळेपणाने नोंदवतो.

पहिली गोष्ट अशी की आपण सगळे गाण्यांवर प्रेम करतो आणि ते चित्रपटाच्या खात्यावर जमा करतो. गाणी वगळून हा चित्रपट सलग पाहायची शिक्षा कुणी दिली, तर किती जण तासाभरानंतर टिकतील? उत्तरार्धात आई, बहीण, बाप, पैसे गिळणारा माणूस हे सगळे इतक्या ठरावीक पद्धतीने येते, की पुढचे वाक्य आपणच म्हणावे. हलकेफुलके पाहायला बसलेल्या माणसाला अखेरीस रुमाल काढायला लावणे हा त्या काळचा रिवाज होता हे मान्य. पण रिवाज म्हणून तो गोड मानून घ्यायचे कारण नाही.

दुसरी गोष्ट, खिडकीखाली उभे राहून शिट्या मारणारा नायक. 'शाम ढले खिड़की तले' या गाण्यावर आपण माना डोलावतो, पण आज आपल्या गल्लीत कुणी महिनोन्महिने अशा चकरा मारू लागला, तर आपण त्याला 'अलबेला' म्हणणार नाही. जुन्या चित्रपटांविषयी लिहिताना हेही लिहायला हवे.

लोलक

चिकित्सक, आपला दुसरा मुद्दा मला बाई म्हणून पटायला हवा, आणि तत्त्व म्हणून तो पटतोही. तरी त्या गाण्याची रचना एकदा शांतपणे ऐकून पाहावी असे सुचवते. राजेंद्र कृष्ण यांनी ते गाणे सवाल-जवाबासारखे बांधले आहे, आणि प्रत्येक कडव्यात तिचे उत्तर तयार आहे. शिट्या बंद कर असे ती सांगते, तेव्हा तो उलट खिडकीत उभी राहून तूच बाण सोडतेस अशी तक्रार करतो. तो चार महिन्यांच्या मेहनतीचा हवाला देतो, तर ती सरळ सांगते की इथे तुझी डाळ शिजायची नाही. हा वाक्प्रचार मराठीतही जसाच्या तसा असल्यामुळे माझ्या आजीला हिंदी फारसे येत नसताना तेवढी ओळ बरोबर कळत असे, आणि ती आली की आजी पदर तोंडाला लावून हसत असे.

शिवाय ती खिडकी उघडउघड सेटवरची आहे, आणि दोघे एक खेळ खेळत आहेत हे त्यांनाही ठाऊक आहे, आपल्यालाही. गीता बालीच्या नकारात भीतीचा लवलेश नाही. समोरच्याची फिरकी घ्यायचे सुख आहे. ही खिडकी खऱ्या गल्लीत असती, तर मी आपल्या बाजूने उभी राहिले असते.

मांडवी

गाणी चित्रपटाच्या खात्यावर जमा करू नयेत, हा चिकित्सक यांचा मुद्दा मला उलट दिशेने विचारात घ्यावासा वाटतो. 'अलबेला'त गाणी ही कथेत पेरलेली नाहीत. नायक नाटक कंपनीत नट असल्यामुळे गाणे हेच त्याचे काम आहे. तो नाचू लागला की कथा थांबत नाही, तर नोकरीत रुजू होते.

आता गोव्याच्या वतीने थोडे. या चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदात गोव्याच्या वादकांचा हात फार मोठा होता, आणि त्यांतले ठळक नाव चिक चॉकलेट. मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव बार्देशातले हळदोणे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजत असे, आणि लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाने ट्रंपेट वाजवण्याबद्दल त्याची ख्याती होती. सी. रामचंद्र यांचा साहाय्यक म्हणून त्याने चित्रपटांत काम केले आणि 'अलबेला'त तर तो आपल्या वादकांसह प्रत्यक्ष पडद्यावरही दिसतो. गोव्यातल्या चर्चच्या शाळेत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेली मुले मुंबईला येत, रात्री हॉटेलात जॅझ वाजवत आणि दिवसा स्टुडिओत हिंदी गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाला बसत. त्यांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच आली. त्यांच्यापैकी एकाचा चेहरा या चित्रपटामुळे टिकून राहिला, एवढ्या कारणासाठीही मी 'अलबेला'चे आभार मानतो.

'शोला जो भड़के' ऐकताना शब्द बाजूला ठेवून फक्त तालवाद्यांकडे कान द्यावा. बोंगो आणि कोंगा ही वाद्ये आपल्याकडच्या चित्रपटसंगीतात रुळवणाऱ्यांत कावस लॉर्ड यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्या ठेक्यात घाई मुळीच नाही. तो ठेका थोडा मागे रेलून चालतो, आणि भगवानदादांचे ते वीतभर पाऊल बरोबर त्या रेलण्यावर पडते.

सूरपेटी

मांडवी यांनी माझे अर्धे काम केले, उरलेले अर्धे मी करतो.

भगवान आणि सी. रामचंद्र यांची मैत्री 'अलबेला'च्या बरीच आधीची. दोघांनी स्टंटपटांत एकत्र उमेदवारी केली, आणि १९४२च्या 'सुखी जीवन'मध्ये भगवान यांनीच त्यांना हिंदीत संगीतकार म्हणून उभे केले. पुणतांब्याला जन्मलेला रामचंद्र नरहर चितळकर हा माणूस नावांच्या बाबतीत फार हौशी: संगीत देताना सी. रामचंद्र, गाताना चितळकर, आणि काही चित्रपटांपुरता अण्णासाहेब किंवा श्यामू. 'अलबेला'त भगवान यांच्यासाठी बहुतेक गाणी त्यांनी स्वतःच गायली, आणि माझ्या मते चित्रपटाचा तोल त्या निर्णयामुळे सांभाळला गेला. एखाद्या तयारीच्या, घोटीव आवाजाने ही गाणी गायली असती, तर तो आवाज भगवानदादांच्या अंगावर उसन्या कोटासारखा दिसला असता. चितळकरांचा आवाज बोलल्यासारखा आहे. तो वरच्या स्वरांत फार रमत नाही, लताबाईंशी स्पर्धा करायच्या फंदात पडत नाही, आणि थोडा खट्याळ आहे. याच माणसाने 'आझाद'मध्ये लताबाईंबरोबर असे युगुलगीत गायले आहे, की आजही अनेकांना तो तलत महमूद वाटतो. म्हणजे मऊ गाणे त्यांना येत नव्हते असे नाही. इथे त्यांनी ते जाणूनबुजून बाजूला ठेवले.

आणि आता 'धीरे से आजा री अँखियन में'. पिलू रागाच्या अंगाने जाणारी ही अंगाई चित्रपटात दोनदा येते, एकदा लताबाईंच्या एकटीच्या आवाजात आणि एकदा दोघांच्या. बोंगो आणि ट्रंपेट यांच्या त्या गजबजाटात ही एवढीशी चाल हळूच येऊन बसते. चिकित्सक, उत्तरार्धाच्या रडारडीबद्दल मी आपल्याशी वाद घालणार नाही. फक्त एवढेच म्हणेन की घर सुटल्याचे दुःख कथेत नसते, तर या अंगाईला चित्रपटात जागाच मिळाली नसती.

चिकित्सक

एका अंगाईसाठी चाळीस मिनिटांचे अश्रू ही किंमत मला अजूनही जास्त वाटते. लोलक यांचा मुद्दा मात्र मान्य. ते गाणे काल पुन्हा ऐकले. शेवटच्या कडव्यापर्यंत ती हरत नाही, हे माझ्या लक्षात आले नव्हते.

साखरझोप

हा चित्रपट रंगीत करून पुन्हा दाखवला, तर नवी पिढी पाहील का?

तिसरी घंटा

साखरझोप, पाहील किंवा न पाहील, पण माझे मत विचाराल तर करू नये. कृष्णधवल चित्रणात रंगवलेले पडदे, पुठ्ठ्याची झाडे आणि चमकीचे कपडे हे सगळे एकाच जातीचे होऊन जाते. राखाडी छटांमध्ये खरे आणि खोटे यांच्यातला फरक पुसला जातो, आणि स्वस्तातला सेटही शोभून दिसतो. त्यावर रंग चढवले, तर पहिल्यांदा उघडा पडेल तो पुठ्ठा.

सूरपेटी यांच्या उसन्या कोटाच्या उपमेवरून सुचले ते लिहितो. प्यारेलालच्या स्वप्नात आणि भगवानदादांच्या आयुष्यात अंतर फार थोडे होते. स्टंटपट काढणाऱ्या माणसाला प्रतिष्ठित चित्रपटसृष्टी दारात उभी करत नसे. सामाजिक चित्रपट काढ, असे त्यांना राज कपूर यांनी सुचवल्याचे सांगितले जाते. त्यामुळे 'मला नट व्हायचे आहे' हे वाक्य ते म्हणतात, तेव्हा त्यात अभिनय किती आणि गाऱ्हाणे किती हे सांगणे कठीण होते. उत्तरार्धात माझे मन डळमळते असे मी म्हटले होते, ते यामुळेच. कथा रटाळ होते, पण तो माणूस खोटा होत नाही.

न्यूजर्सीकर

उशिरा लिहीत आहे. पुढची हकिगत धाग्यावर कुणी काढली नाही, ती थोडक्यात नोंदवावीशी वाटते. 'अलबेला'ने पैसा दिला, नाव दिले, जुहूला समुद्रकाठचा बंगला आणि मोटारींचा ताफा दिला. तेच सूत्र पुन्हा वापरून १९५३ साली गीता बालीबरोबरच 'झमेला' काढला, पुढे १९६६ साली 'लाबेला'. पण तो योग पुन्हा जुळून आला नाही. बंगला गेला, गाड्या गेल्या, आणि दादा दादरच्या चाळीतल्या खोलीत परतले. त्यानंतर कितीतरी वर्षे ते चित्रपटांत एखाददुसऱ्या प्रसंगापुरते येत राहिले, आणि बहुतेक वेळा दिग्दर्शक त्यांच्याकडून तीच चार पावले टाकून घेई. २००२च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. २०१६ साली 'एक अलबेला' या मराठी चित्रपटात मंगेश देसाई यांनी त्यांची भूमिका केली आणि विद्या बालन गीता बाली झाली.

आमच्याकडे मंडळाच्या गणपतीत दरवर्षी शेवटच्या रात्री कुणीतरी 'शोला जो भड़के' लावतेच. शेरवानी घातलेले प्रौढ संगणकतज्ज्ञ तेव्हा नेमके कसे दिसतात, याचे वर्णन करण्याचा मोह मी आवरतो.

गिरणगाव

न्यूजर्सीकर यांनी चाळीचा उल्लेख केला म्हणून सांगतो. गणपतीच्या मिरवणुका दादांच्या चाळीपाशी थबकत आणि दादा चार पावले टाकून दाखवत, असे दादरची जुनी मंडळी सांगतात. मी स्वतः ते पाहिलेले नाही. माझे एक चुलते मात्र पाहिल्याचे सांगत, आणि सांगताना बसल्या जागी खांदे हलवून दाखवत.

तिसरी घंटा

गिरणगाव, आपली ती पडद्यामागची आठवण डोक्यातून जाईना, म्हणून काल रात्री संगणकावर 'भोली सूरत' डाव्याचे उजवे करून पाहिले. आपले म्हणणे खरे निघाले. दादांच्या नाचात तिळमात्र फरक पडत नाही, आणि मूळ कोणते व उलटे कोणते हे घरातल्या कुणालाही ओळखता आले नाही.

मग मांडवी यांच्यासाठी म्हणून ज्या गाण्यात वाद्यवृंद दिसतो तेही उलटे करून लावले, आणि तिथे मात्र चोरी पकडली गेली. ट्रंपेटची बटणे उजव्या हाताने दाबतात. माझ्या पडद्यावर हळदोण्याचा तो गृहस्थ चक्क डावखुरा झाला होता.

गिरणगाव

म्हणजे आम्ही परळची पोरे इतकी वर्षे त्याला डावखुराच समजत होतो की काय!